लाभ, दोन, तीन, चार

लाभ

आमच्याकडं धान्य मोजताना कोणी एक म्हणत नाही. पहिलं माप ओतलं की लाभ म्हणायचं, मग दोन, तीन, चार. माझ्या मायनं, लक्ष्मीबाईनं, उभ्या जन्मात मापाला एक म्हटलेलं मी ऐकलं नाही. लहानपणी एकदा मी म्हणालो, तर तिनं ओतलेले मूग परत सुपात घेतले आणि पहिल्यापासून मोजले. काहून, म्हणून विचारलं तर म्हणाली, म्हणू न्हाई म्हणलं की म्हणू न्हाई. विषय संपला.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात चूक माझी होती की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी मुंजाजी. गाव कुरुंदा, पण राहतो हिंगोलीत, भाड्याच्या एका खोलीत, एकटा. तिथल्या एका संस्थेत संगणकाचं सगळं काम मी बघतो. शिकलेला माणूस आहे. भुताखेतांचं कोणी बोलायला लागलं की मी तोंडावर हसायचो.

संस्थेचं काम चांगलं होतं, ते कबूल करायला पाहिजे. जिल्ह्यात गावोगाव म्हातारी माणसं एकटी राहतात, पोरं पुण्याला नाहीतर संभाजीनगरला. त्यांना रोज सकाळी आठला आपोआप फोन जायचा. फोनवर आवाज माझा. सरिताताई, म्हणजे संस्थेच्या प्रमुख, म्हणाल्या होत्या की आवाजासाठी चांगला माणूस शोधू. मी म्हणालो, कशाला, मीच बोलतो.

संगणक ठेवलेल्या मागच्या खोलीत ते बोलणं रेकॉर्ड केलं. ही खोली आधी हळदीचं गोदाम होती, फरशीच्या फटी अजून पिवळ्या आहेत. दिवस उन्हाळ्याचे, पंखा बंद करायची सोय नव्हती, त्यामुळं त्याची कट-कट बोलण्यात आली. मी म्हणालो, 'नमस्कार. संस्थेतून बोलून राहिलो. खुशाल असाल तर येक दाबा. तकलीफ असंल तर दोन दाबा, आमचा माणूस तुमच्या घरी येईल. काहीच नाही दाबलं, तरी येईल.' एकच्या जागी येक निघालं तोंडातून, घरची सवय. ताई म्हणाल्या, राहू द्या, लोकांना आपलं वाटेल.

दोन

मग माणसं वाढली. सातशेची यादी सहा हजारांवर गेली. फोन सगळ्यांना वेळेवर सुटायचे, पण कोणी काय दाबलं ते एकेक ओळ वाचून, गाव बघून, त्या गावच्या कार्यकर्त्याला निरोप धाडायचं काम एकच स्क्रिप्ट करायची. स्क्रिप्ट म्हणजे काही अवघड नाही. ठरल्या वेळेला संगणकानं आपलं आपण काय करायचं, त्याचा लिहून ठेवलेला हुकूम. ती साडेआठला सुरू व्हायची आणि संपायला दुपारचे दोन वाजायचे.

साखऱ्याचे व्यंकटराव एक दिवस न्हाणीत पडले. त्यांनी काही दाबलं नव्हतं, पण स्क्रिप्ट त्यांच्या नावापर्यंत पोचली तेव्हा एक वाजून गेला होता. माणूस पाच तास ओल्या फरशीवर पडून. वाचले बिचारे. ताई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

त्या आठवड्यात मी कामाची वाटणी केली. एकाच्या जागी चार स्क्रिप्ट. यादीतला पहिला माणूस पहिलीला, दुसरा दुसरीला, चौथ्यानंतर पुन्हा पहिलीपासून. साडेआठला पहिली सुटणार, मग पाच-पाच मिनिटांनी बाकीच्या, म्हणजे एकमेकींच्या पायात पाय नको. आणि एक नियम घातला. ओळ हातात घेतली की तिच्यावर आधी आपलं नाव लिहायचं. ज्या ओळीवर नाव असेल तिला दुसरीनं हात लावायचा नाही.

नावं काय द्यायची? हात आपोआप गेला. लाभ, दोन, तीन, चार. कार्यकर्त्यांचा मुख्य संतराम, त्याला भारी गंमत वाटली. म्हणे, मुंजाभाऊ, संगणकाच्या हातात बी आधोली देली का तुमी. आधोली म्हणजे आमचं धान्य मोजायचं माप. आता सगळं काम दहाच्या आत आटपायचं. मला माझाच अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

त्याच दिवसांत मायचं नावही यादीत घातलं. ती कुरुंद्यात एकटीच. मी आधी दर रविवारी फोन करायचो, महिन्यातून एकदा जायचो. यादीत नाव गेल्यावर दोन्ही सुटलं. माझाच आवाज रोज जातोय की तिच्या कानात, असं मी मनाला सांगितलं आणि मनानं ते ऐकलं.

तीन

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी गारठा असायचा. मागच्या खोलीत बॅटऱ्या बदलताना एक जड बॅटरी माझ्या उजव्या पायावर पडली, अंगठ्याचं नख काळं पडलं, म्हणून मी चपलांवरच फिरत होतो.

रोज दहाला मी चौघींची बेरीज घेतो. यादीत सहा हजार दोनशे बारा माणसं, प्रत्येकीच्या वाट्याला पंधराशे त्रेपन्न. त्या दिवशी बेरीज तीननं कमी भरली. मला वाटलं कुठंतरी अडकलं. पाहिलं तर तिन्ही ओळींचं काम झालेलं होतं, पुढं खुशाल लिहिलेलं होतं. नुसतं करणाऱ्याच्या जागी नाव वेगळं होतं. येक.

वेळ आठ पंचवीस. लाभच्या आधी पाच मिनिटं.

पहिला संशय संतरामचा. पण त्याला साधा निरोप टाइप करायला पाच मिनिटं लागतात, आणि पासवर्ड माझ्याशिवाय कोणाकडं नाही. मग वाटलं, मीच कधीतरी करून बघायला काही लिहिलं असेल आणि विसरलो असेन. सगळ्या फाइली शोधल्या. येक हा शब्द कुठंच नव्हता. आणि तसं लिहिणार तरी कोण? लिहिताना मी एकच लिहितो. येक मी फक्त बोलतो.

मग त्या तिघांचे फोन तपासले. तिघांनीही फोन उचललेलाच नव्हता. त्यांच्याकडं माणूस जायला पाहिजे होता. पण ओळीवर नाव पडलेलं होतं, म्हणून माझ्या चौघींनी माझाच नियम बराबर पाळला होता आणि त्यांना सोडून पुढं गेल्या होत्या.

चार

तिघांतल्या एक हट्ट्याच्या सोजराबाई. संतरामला तिकडं पिटाळलं. तो तीनच्या सुमारास परत आला. एरवी गाडी लावतानाच त्याची बडबड सुरू होते. त्या दिवशी आला, माठातलं दोन तांबे पाणी प्याला आणि खुर्ची भिंतीला टेकवून बसला.

बाई ठीक आहे म्हणाला. हसत होती. फोन मात्र काल दुपारपासून बंद पडून डब्यात होता. मग खुशाल कोणी कळवलं, असं त्यानं विचारलं, तर बाई म्हणाली की तुमचा माणूस येतो ना रोज. आत बसतो. त्योच दाबतो. संतराम म्हणाला, आमचा कोणी येत नाही, मी सगळ्यांना ओळखतो. त्यावर ती म्हणाली, तुमी ओळखता न्हाई का त्याला? त्योच की, रोज फोनवर बोलतो त्यो.

मी म्हणालो, म्हातारी आहे, तिला भास होत असेल. रोज तोच आवाज ऐकून माणूस दिसायला लागला असेल. मला माझं बोलणं पटत होतं.

 संतराम म्हणाला की त्यानं घरात डोकावायचं म्हटलं तर बाईनं दारात हात आडवा धरला, हळू बोला म्हणाली. आणि आतून पंख्याचा आवाज येत होता. कट-कट, कट-कट.

"असंल की पंखा," मी म्हणालो.

"भाऊ," तो म्हणाला, "त्या घरात लाईटच न्हाई. मीटर काढून नेलंय दोन सालं झाले."

पाच

दुसऱ्या दिवशी मी सव्वाआठलाच मागच्या खोलीत जाऊन बसलो. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, रस्त्यावर शाळेची पोरं, समोर भजीवाला कढई घासत होता. भीती वाटावी असं काही नव्हतं. मी दार सताड उघडं ठेवलं, पंख्याचं बटण बंद आहे ते दोनदा पाहिलं, आणि पडद्यावर यादी उघडून बसलो. करणाऱ्याची जागा सगळ्यांपुढं कोरी होती.

आठ पंचवीसला कट-कट सुरू झाली.

मी वर पाहिलं. पंखा उभा होता, पात्यांवरची धूळसुद्धा हलत नव्हती. आवाज वरून येतच नव्हता. तो माझ्या मागून, उजव्या कोपऱ्यातून येत होता. वर नाही, खाली नाही, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवरून. कोपऱ्यात रिकाम्या खोक्यांची चळत होती, बाकी काही नव्हतं. मागं वळून बघायला पाहिजे होतं. मी नाही वळलो. 

समोर एका ओळीवर नाव उमटलं. येक. मग खाली दुसऱ्या गावावर. येक. दर दोन कट-कटींना एक नाव. घाई नव्हती. मी धान्य मोजताना मायला जसं पाहिलंय तसंच, एक ओतलं की जरा थांबायचं, मग दुसरं. एक्केचाळीस ओळी मी बसल्या जागी मोजल्या. साडेआठला लाभ सुरू झाली आणि आवाज बंद पडला.

मी बाहेर येऊन भजीवाल्याच्या बाकड्यावर बसलो. चहा मागवला. यंत्रात खटका असतो, तो गरम झाला की वाजतो, असं मी स्वतःला समजावलं. आवाज भिंतीवर आपटून मागून आल्यासारखा वाटतो. सगळं खरं आहे. पण मी त्या दिवशी पुन्हा आत गेलो ते संतरामला पुढं घालूनच.

सहा

त्याच दुपारी मी चारही स्क्रिप्टांच्या वेळा काढून टाकल्या. सकाळचे फोन बंद केले. पासवर्ड बदलला, इंटरनेटची वायर उपटली, आणि तरीही समाधान होईना म्हणून संगणक बंद करून भिंतीतली पिनसुद्धा काढून खिशात घातली. ताईंना सांगितलं की बिघाड आहे, उद्या ऑफिसातल्या पोरींना बसवून हातानं फोन करू. 

सकाळी पावणेनऊला पिन लावून मी संगणक चालू केला. यादी उघडली. त्या दिवशी फोन गेलेच नव्हते, खुशाली विचारायला कोणी नव्हतं, मोजायला कोणी नव्हतं. तरी दोनशे चौदा माणसांपुढं खुशाल लिहिलेलं होतं, करणारा येक. वेळ आठ पंचवीस.

मी गावं वाचत खाली गेलो. हट्टा. साखरा, तिथले व्यंकटराव. मग कुरुंदा, आणि तिथं एकच नाव. लक्ष्मीबाई.

मायला फोन लावला. रिंग जात राहिली, कोणी उचललं नाही. पुन्हा लावला. किती आठवड्यांनी लावतोय याचा हिशेब मनात आला आणि मला स्वतःची लाज वाटली. संतरामला म्हणालो, चल माझ्यासंगं. त्यानं खिशातून गाडीची चावी काढून माझ्या हातात ठेवली. "गाडी न्या भाऊ," म्हणाला, "मी न्हाई येत."

सात

औंढ्यावरून कुरुंद्याला तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंनी हळद हिरवीगार उभी होती. मी वाटेत ठरवून टाकलं होतं की काही ऐकून घ्यायचं नाही, मायचं बोचकं बांधायचं, तिला गाडीवर बसवायचं आणि हिंगोलीला आणायचं. माझ्या खोलीत दोघं मावत नाहीत म्हणून आजवर टाळलं होतं. मावलो असतो.

गावात लाईट नव्हती. चौकात लोक डीपी जळाली म्हणून वायरमनला शिव्या घालत होते. आमच्या घराचं दार उघडं होतं. पुढं ओसरी, आत एक खोली, मधल्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा. माय ओसरीवर बुद्धाच्या तसबिरीखाली बसली होती, माझ्याकडं पाठ. पुढ्यात मुगाचं सूप, हातात पत्र्याची आधोली, शेजारी पिशवी. दरवर्षी माझ्यासाठी मोजते तसंच. ती धडधाकट होती. मला इतकं बरं वाटलं की हाक न मारता दारातूनच तिला बघत राहिलो.

तिनं आधोली भरली, वरून हात फिरवला आणि पिशवीत ओतली. लाभ म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही. हात तसाच धरून थांबली.

पडद्यामागून कट-कट आली. मग माझा आवाज आला.

"येक."

"दोन," माय म्हणाली आणि दुसरं माप ओतलं.

मी उंबऱ्याला धरून उभा राहिलो. माय, म्हणून हाक मारली असेन, कारण ती वळली. माझ्याकडं तिनं नीट पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, भीती नव्हती. दारात कोणी पत्ता विचारायला आलं तर ती जशी बघते तशी बघत होती.

"कोण पाहिजे तुमाला?"

माझी माय मला तुमी म्हणाली. मी म्हणालो, माय, मी मुंजा. चल माझ्यासंगं, उठ. ती हसली.

"मुंजा आत हाय की. रोजच येतो आता. पयले न्हाई येत व्हता, लई काम व्हतं त्याला." मग तिला काहीतरी सुचलं. "तुमी संस्थेचे का?"

दोन पावलांवर होती ती. हात धरून ओढली असती तरी झालं असतं. मी एक पाऊल पुढं टाकलं आणि आतली कट-कट थांबली. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. त्याच्या खाली पायाची बोटं दिसत होती, अगदी पडद्याला लागून, आमचं बोलणं ऐकायला कोणी उभं राहावं तशी. उजव्या अंगठ्याचं नख काळं होतं.

मी माझ्या चपलेकडं पाहिलं.

माझ्या तोंडून जे निघालं ते आठवलं की अजून मला माझं तोंड फोडून घ्यावंसं वाटतं. मी म्हणालो, "व्हय, संस्थेचा."

"मग लिहून घ्या की," माय म्हणाली. "खुशाल." आणि तिसरं माप भरायला ती पुन्हा सुपाकडं वळली.

येक

मी सरिताताईंना सगळं सांगितलं. त्या स्वतः कुरुंद्याला जाऊन आल्या. म्हणाल्या, तुमच्या आईची तब्येत छान आहे, अंगावर मांस आलंय. मग म्हणाल्या, मुंजाजी, तुम्ही तिथंच होता तर मला कशाला पाठवलंत? चहा तर तुम्हीच दिलात मला.

फोन कायमचे बंद झाले. संगणक विकला. मागच्या खोलीला कुलूप आहे. माझं नाव त्या यादीत कधीच नव्हतं, मी ते तपासून पाहिलेलं आहे.

पण रोज सकाळी आठला माझा फोन वाजतो. वर मायचा नंबर असतो. मी तो घेतो, कारण न जाणो, एखाद्या दिवशी ती बोलेल. आधी कट-कट येते, मग मी बोलतो. खुशाल असाल तर येक दाबा. पलीकडं, बोलणाऱ्याच्या मागं, माय मापं ओतत असते. दोन, तीन, चार, असं लांबून ऐकू येतं, आणि तेवढ्यासाठी मी कान लावून बसतो.

मला तकलीफ आहे. पण दोन दाबलं तर आमचा माणूस तुमच्या घरी येईल, असं मीच त्यात म्हटलेलं आहे. काहीच नाही दाबलं, तरी येईल. म्हणून मी येक दाबतो.